शहाण्या घराचे परीक्षण

दिवाळी अंकात कादंबरीचे परीक्षण येते, नाटकाचे येते, एखाद्या चित्रप्रदर्शनाचेही येते. घराचे परीक्षण मात्र माझ्या वाचनात आलेले नाही. हे थोडे चमत्कारिकच म्हटले पाहिजे. कादंबरी आठ दिवसांत वाचून होते, नाटक तीन तासांत संपते. ज्याच्या चार भिंतींत आपले निम्म्याहून अधिक आयुष्य जाते, त्या घराबद्दल मात्र आपण भाव काय आणि क्षेत्रफळ किती यापलीकडे बोलत नाही. म्हणून यंदा पुस्तके बाजूला ठेवून मी एका घराकडे टीकाकाराच्या नजरेने पाहायचे ठरवले. घर इचलकरंजीतले आहे आणि हल्लीच्या भाषेत ते 'स्मार्ट' आहे. म्हणजे ते हवा मोजते, गारवा राखते, दिवे लावते-मालवते आणि त्यात राहणाऱ्यांचे आरोग्य व सुख आपण सांभाळतो असे सांगते. हा दावा लहान नाही. तो तपासून पाहिला पाहिजे.

टीकाकाराने शब्दापासून सुरुवात करावी हे बरे. 'स्मार्ट' हा शब्द मराठी घरांत नवा नाही. 'मुलगा स्मार्ट आहे' असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा भांग नीट आहे आणि बोलणे चुणचुणीत आहे, येवढेच आपल्या मनात असते. बुद्धीसाठी आपल्याकडे याहून नेमके शब्द आहेत. हुशार मुलगा गणित सोडवतो. चलाख मुलगा गणित न सोडवता उत्तर मिळवतो. 'शहाणा' हा शब्द कौतुकाने उच्चारला तर एक अर्थ, आणि 'मोठा शहाणाच लागून गेलास' म्हटले की अगदी दुसरा. समजूतदार मुलगा तो, की ज्याला घरात कोणाला काय होते आहे ते न सांगता कळते आणि जो त्यापायी आपला हट्ट सोडतो. ही चार शब्दांची फूटपट्टी घेऊनच मी या घराकडे पाहणार आहे.

घराबरोबर येणारे माहितीपत्रक हीसुद्धा एक साहित्यकृतीच आहे. अशी चार-पाच पत्रके मी या निमित्ताने बारकाईने वाचली. त्यांचे व्याकरण मोठे मासलेवाईक आहे. प्रत्येक वाक्यात कर्ता घर असते. घर तुम्हाला जागे करते, घर तुम्हाला गारवा देते, घर तुम्हाला शुद्ध हवा पुरवते. माणूस पहिल्या पानापासून चतुर्थी विभक्तीत जो बसतो तो तिथून उठत नाही. अगदी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, हा नियम मोडतो. तिथे लिहिलेले असते, 'जाळी वेळोवेळी साफ करावी.' कोणी साफ करावी, याचा पत्ता नाही. ज्या वाक्यात कष्ट आहेत, नेमका त्याच वाक्यातला कर्ता नाहीसा झालेला आहे. मराठी घरात असा न लिहिलेला कर्ता कोण असतो, हे वाचकांना सांगायला नको.

पण गुण न सांगता दोषांकडे वळणे हा अन्याय होईल. आणि या घराच्या अंगी खरे गुण आहेत. तळहातावर मावेल येवढा एक डबा भिंतीला टांगलेला असतो. त्याच्या पोटात लेझरचा बारीक किरण असतो. छोटा पंखा खोलीतली हवा त्या किरणासमोरून नेतो. हवेतल्या कणांवर आदळून प्रकाश विखुरतो आणि त्या विखुरण्यावरून कणांचे मोजमाप होते. ज्यांचा व्यास अडीच मायक्रॉनहून कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही लहान, ते कण फुप्फुसात खोलवर जातात. म्हणून त्यांच्याकडे विशेष लक्ष. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुधारलेल्या मर्यादेप्रमाणे एका घनमीटर हवेत अशा कणांची दिवसाची सरासरी १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. आपल्या देशाचे बाहेरच्या हवेसाठीचे २००९ चे मानक मात्र ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालवून घेते. दुसरा घटक हवेतला ओलावा मोजतो. चांगल्या डब्यात तिसराही असतो. तो आपल्या उच्छ्वासातून बाहेर पडणारा कर्बवायू मोजतो. १८५८ साली म्युनिकच्या पेटेनकोफर नावाच्या शास्त्रज्ञाने सांगून ठेवले होते, की खोलीतल्या हवेत हा वायू हजारात एका भागाच्या वर गेला तर ती हवा कोंदट समजावी. त्याचा हा आडाखा अजून वापरात आहे. हे सर्व आकडे बिनतारी मार्गाने फोनवर येतात आणि त्यांच्या हुकमाने पंखा, वातानुकूलक, हवाशोधक चालू किंवा बंद होतात. छताचा पंखाही नव्या पद्धतीच्या, ब्रश नसलेल्या मोटरचा असतो. जुना पंखा ७५ वॉट वीज खातो तिथे हा ३० वॉटच्या आसपास भागवतो. येथवर घर निश्चित हुशार आहे. त्याला पहिल्या कसोटीचे पूर्ण गुण दिले पाहिजेत.

कोणी म्हणेल, हे सारे मुंबई-पुण्याचे कौतुक. इचलकरंजीचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. भिंतीच्या आतली हवा मोजायची आणि आपल्याला हवी तशी करून घ्यायची, ही कल्पना आमच्या गावाने शंभर वर्षांपूर्वीच ओळखली होती. नारायणराव बाबासाहेब घोरपडे हे इथले जहागीरदार; कलांचे आणि उद्योगांचे आश्रयदाते. त्यांच्या अमदानीत, १९०४ साली, विठ्ठलराव दातारांनी येथे पहिला यंत्रमाग उभा केला. पुढे घरागणिक माग झाले आणि गावाला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणू लागले. मागवाल्याला हवेचे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. सूत कोरडे पडले की तुटते, ओलसर हवेत त्याला बळ येते. एप्रिल-मे महिन्यांत तुटी वाढल्या की खात्यातल्या जमिनीवर पाणी मारायचे, वारा आत येऊ द्यायचा नाही, खिडक्या मिटायच्या, हे पोरासोरांनाही ठाऊक. मोठ्या कारखान्यांत हेच काम यंत्रे करतात. आणि भिंतीवर दोन नळ्यांचा, एक कोरडी व एक ओली, असा तापमापक टांगलेला असतो.

जगाचा इतिहासही हेच सांगतो. लँकेशायरच्या विणकरशाळांत सुतासाठी वाफ सोडीत आणि माणसे त्या वाफेत घुसमटत. तेव्हा १८८९ साली इंग्लंडला कायदा करून त्या ओलाव्याला मर्यादा घालावी लागली. १९०२ साली विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी हवा आटोक्यात ठेवणारे आपले पहिले यंत्र रचले. दमट हवेत कागद फुगून रंगांची छपाई हलत होती, हे त्याचे कारण. आणि आज आपण 'एअर कंडिशनिंग' म्हणतो तो शब्द १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या गृहस्थाने अमेरिकेतल्या कापडगिरण्यांच्या हवेसाठी घडवला. वातानुकूलनाचा जन्म असा कागदासाठी आणि सुतासाठी झालेला आहे. माणूस त्याच खोलीत उभा होता म्हणून त्याला ती हवा मिळाली, बरी असो की वाईट.

सुताला मानवणारी हवा माणसाला मानवतेच असे नाही. कापसाचे सूत विणायला ७० ते ८० टक्के ओलावा लागतो. माणसाला ४० ते ६० टक्के सुखाचा वाटतो. मे महिन्याच्या दुपारी खिडक्या मिटलेल्या खात्यात या दोन आकड्यांमधले अंतर अंगातून घाम होऊन वाहते. माझे वडील मागावर उभे राहत. त्यांच्या भुवयांवर कापसाचे पांढरे तूस बसलेले असे. संध्याकाळी घरी त्यांच्याशी मोठ्याने बोलावे लागे, आणि आम्हा भावंडांची समजूत अशी, की सगळ्यांचेच वडील असे कमी ऐकतात. त्या खात्यात सुताचे बरे-वाईट रोज पाहिले जाई; तुटी मोजल्या जात, वार मोजले जात. वडिलांचा श्वास मोजण्याचे एकही साधन तिथे नव्हते. ही तक्रार म्हणून मी लिहीत नाही. त्या काळी तशी वस्तूच कोणाला ठाऊक नव्हती. पण या पार्श्वभूमीवर तो भिंतीवरचा लहानसा डबा पाहिला म्हणजे त्याचे मोल कळते. आमच्या गावात हवा मोजण्याचे एक साधन प्रथमच सुताकडे पाठ फिरवून माणसाकडे तोंड करून बसले आहे. याचे श्रेय नव्या घराला निःसंकोच दिले पाहिजे.

आता प्रत्यक्ष घराकडे येतो. माझे एक यंत्रमागधारक स्नेही आहेत. पूर्वी त्यांचे खाली माग आणि वर बिऱ्हाड असे होते. गेल्या काही वर्षांत त्यांनी माग गावाबाहेरच्या शेडमध्ये हलवले आणि दुमजली घर बांधून त्यात ही सर्व साधने बसवली. घर पाहायला मी मुद्दाम गेलो. दिवाणखान्यात पाऊल टाकताच दिवा आपसूक लागला. भिंतीवरच्या डब्यात हिरवा रंग शांतपणे तेवत होता. मी कौतुकाने पाहतो आहे हे बघून स्नेह्यांच्या मातोश्री, ज्यांना सारी गल्ली आक्का म्हणते, हसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, त्यो डबा पयला आत व्हता, शेगडीच्या वर. फोडणी टाकली की तांबडा व्हायचा आन् ओरडायचा. सूनबाई दचकायची. मग पोरानं उचलला न् हितं आणला. आता कसा गुमान हिरवा बसतोय बघा."

स्नेही जरा वरमले. म्हणाले, "तिथं त्याचं रीडिंगच खराब यायचं हो मास्तर."

या एका वाक्यात साऱ्या परीक्षणाचे सार आले आहे. रीडिंग खराब येत नव्हते. हवा खराब होती आणि डबा ते इमानाने सांगत होता. तापलेल्या तेलात मोहरी, लसूण आणि आमच्याकडची कांदा-लसणाची चटणी पडली की सूक्ष्म कणांचा आकडा काही क्षणांत कैक पटींनी चढतो. घरातली सर्वांत वाईट हवा जिथे होती तिथे, आणि ती हवा जिच्या छातीत जात होती तिच्या डोक्यावर, हे साधन टांगलेले होते. ते खरे बोलले आणि त्याची बदली झाली. आता ते पाहुण्यांच्या खोलीत बसून पाहुण्यांना हिरवा रंग दाखवते. स्वयंपाकघरातले वहिनींचे काम जसेच्या तसे चालू आहे.

हा दोष यंत्राचा नाही असे कोणी म्हणेल. तांत्रिकदृष्ट्या ते खरे आहे. पण टीकाकाराला कृतीचा परिणामही पाहावा लागतो. या डब्याजवळ तीनच शब्द आहेत: हिरवा, पिवळा, तांबडा. 'तांबडा' म्हणजे काय करायचे, हे तो सांगत नाही. तो फक्त ओरडतो. हिरवा रंग कोणत्या आकड्याला संपावा हे बनवणारा ठरवतो; १५ ला संपवला तर एक घर, ६० ला संपवला तर तेच घर एकदम निरोगी. शिवाय पावसाळी धुक्याचे थेंब अशा काही डब्यांना धुळीसारखेच दिसतात. स्वस्त डबा कर्बवायू न मोजताच इतर वायूंवरून त्याचा अंदाज बांधून आकडा दाखवतो. आणि आमच्या गावची जी खास धूळ, ते डोळ्यांना दिसणारे, पंख्याच्या पात्यांवर साय धरणारे कापसाचे लांब तूस, ते त्याच्या हिशेबात जवळजवळ येतच नाही. कारण तो बारीक कणांसाठी घडवलेला आहे. म्हणजे परगावचा पाहुणा जसा आपली बोली अर्धीमुर्धी समजून मान डोलावतो, तसे हे साधन इचलकरंजीच्या हवेला मान डोलावते. त्या घरात बोलून हुकूम घेणारे यंत्रही होते. त्याला इंग्रजी आणि हिंदी येत होते. आक्कांनी त्याला 'पंखा बारीक कर' असे मराठीत सांगून पाहिले. ते गप्प राहिले. शेवटी आक्का उठल्या आणि त्यांनी खिडकी उघडली.

ही उघडलेली खिडकी मला या घराची सर्वांत महत्त्वाची टीका वाटते. कारण शहाण्या घराच्या रचनेत एक अंतर्विरोध आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. आपल्याकडचे बहुतेक वातानुकूलक खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतात. बाहेरची ताजी हवा आत घेत नाहीत. हवाशोधकाची जाळी कण अडवते, पण कर्बवायू तिच्यातून सहज पार होतो. तेव्हा दारे-खिडक्या बंद करून चार माणसे रात्रभर एका खोलीत निजली तर कणांचा आकडा खाली येतो, डबा हिरवा होतो, आणि त्याच वेळी हवा कोंदत जाते. सकाळी डोके जड होते आणि दोष झोपेला दिला जातो. एका पात्राला जे सत्य ठाऊक आहे ते दुसऱ्या पात्राला ठाऊक नसल्यामुळे नाटकात जसा घोटाळा होतो, तसाच हा घोटाळा आहे. तीन घटकांचा चांगला डबा असेल तर तो उघडकीस येतो. पण उपाय शेवटी तोच, पेटेनकोफरच्या काळचा आणि आक्कांचा.

मग जुनी घरेच बरी होती काय? या मोहात मी पडणार नाही. जुन्या घराबद्दल आपल्याकडे इतके भावुक लेखन झाले आहे, की सोपा, परडे, तुळशीवृंदावन हे शब्द उच्चारले की वाचकाचे डोळे पाणावतात आणि प्रश्न बाजूला राहतो. सोप्यात वारा खेळे हे खरे. जाड मातीच्या भिंती दुपारचे ऊन संध्याकाळपर्यंत आत येऊ देत नसत, कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई, हेही खरे. पण सोप्यात बसत कोण? पुरुष आणि आलेगेले. माजघर अंधारे, स्वयंपाकघर त्याहून अंधारे. चुलीच्या धुराने आढी काळी ठिक्कर पडलेली आणि फुंकणीने जाळ करणाऱ्या बायकांचे डोळे कायमचे लाल. बाळंतिणीची खोली तर मुद्दाम बंद ठेवीत, आणि त्या बंद खोलीत शेक देण्यासाठी शेगडी. घरातली उत्तम हवा पाहुण्यांना आणि वाईट हवा स्वयंपाकघराला, ही वाटणी त्या जुन्या घराचीच आहे. माझ्या स्नेह्यांच्या घरात डबा दिवाणखान्यात गेला तो याच जुन्या वाटेने गेला. यंत्र नवे आले. त्याला घरात जागा मात्र जुन्या चालीने मिळाली.

याहून मोठा प्रश्न भिंतीबाहेरचा आहे. शहाणे घर आपल्या भिंतींपाशी संपते. गाव तिथे संपत नाही. आवाजाचेच पाहा. २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. धोट्याच्या मागांच्या खात्यात ९० च्या वर आवाज असतो, आणि आमच्याकडे खाते व वस्ती यांत पुष्कळदा एकच भिंत असते. या आवाजाची सवय इतकी होते, की रात्री वीज गेली आणि माग थांबले तर माणसे दचकून जागी होतात. ही सवय म्हणजे सुख नव्हे. कान थकल्याची ती खूण आहे. पाण्याचेही तेच. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती दूषित पाण्यातून. त्या वेळी कोणाच्या घरात किती हुशार साधने होती याने फारसा फरक पडला नसता. रोग नळातून आला होता. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचा पूर वस्तीत शिरला तोही कोणाची परवानगी मागून शिरला नाही. अशा गावात आरोग्य ही एका घराच्या मालकीची वस्तू होऊ शकत नाही.

या संदर्भात आपल्याच एका कायद्यातले वाक्य मला फार अर्थपूर्ण वाटते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे १५ वे कलम कारखान्यातल्या कृत्रिम ओलाव्याविषयी होते. त्यात म्हटले होते की हवा ओलसर करण्यासाठी वापरायचे पाणी सार्वजनिक पुरवठ्याचे किंवा पिण्याच्या पाण्याच्या साधनातले असावे, नाहीतर वापरण्यापूर्वी ते नीट शुद्ध केलेले असावे. हेतू सरळ होता: जे हवेत उडेल ते अखेर माणसाच्या पोटात आणि छातीत जाईल. सुतासाठी केलेल्या ओलाव्याच्या मधोमध उभा असलेला माणूस इथे कायद्याला दिसला. समजूतदारपणा तो हा. पुढचे कलम तर प्रत्येक कामगारामागे किती घनमीटर जागा असावी तेही सांगत असे. अर्थात हे कलम मोठ्या कारखान्याला लागू होते. घरामागच्या चार-सहा मागांच्या खात्याला ते क्वचितच गाठत असे, आणि आमच्या गावाचा पुष्कळ भाग अशाच खात्यांचा आहे. तिथे बारा-बारा तासांच्या पाळ्या होतात. वातानुकूलित दिवाणखान्यात हिरवा रंग पाहणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न ज्या हवेत विणले जाते, त्या हवेचा रंग कोणता, हे विचारायला तिथे डबाच नाही.

आणि तो असू शकत नाही असे मुळीच नाही. हे साधन आता एखाद्या बऱ्या साडीच्या किमतीत मिळते. इचलकरंजीच्या जहागीरदारांच्या राजवाड्यात आज वस्त्रोद्योगाचे आणि अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. १९८२ साली ते सुरू झाले. जिथे एकेकाळी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारख्या गवयाला, ज्याची सारी विद्या श्वासावर उभी होती, आश्रय मिळाला, त्या गावाने विणकराच्या श्वासाचे मोजमाप करायला काय हरकत आहे? आपल्या तुसाला ओळखणारा, मराठीत बोलणारा, तांबडा झाल्यावर 'आता झरोका उघडा' किंवा 'तोंडाला फडके बांधा' असे सांगणारा डबा आपल्याच मुलांनी घडवावा, ही अपेक्षा काही जगावेगळी नाही. हल्ली गावात एअरजेट माग आले आहेत. त्यांत धोट्याचे काम हवेचा झोतच करतो. सुतासाठी हवेला येवढे राबवण्याचे कसब ज्या गावाला साधले, त्याला माणसासाठी तेच करणे अवघड जाऊ नये.

तेव्हा निर्णय सांगतो. हे घर हुशार आहे, यात शंका नाही. ते थोडे चलाखही आहे. उत्तर चांगले दिसावे म्हणून गणिताची जागा बदलू देते. शहाणे आहे काय, याचे उत्तर 'शहाणा' शब्दाच्या दोन अर्थांपैकी तुम्ही कोणता घेता यावर अवलंबून राहील. समजूतदार मात्र ते अजून झालेले नाही. आणि ते आपोआप होणारही नाही. त्याला समजूत शिकवणारी माणसे घरातच असावी लागतात. ज्या वाचकांच्या मनात यंदा पाडव्याला अशी खरेदी करायचे असेल त्यांनी ती खुशाल करावी. फक्त दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत: हा कर्बवायू खरोखर मोजतो की अंदाज सांगतो? हिरवा रंग कोणत्या आकड्याला संपतो? आणि वीज किंवा इंटरनेट गेले तर पंखा साध्या बटणाने चालतो ना? चौथा प्रश्न दुकानात विचारायचा नाही, घरी विचारायचा: हा टांगायचा कुठे?

दिवाळीचे चार दिवस ही त्याची उत्तम परीक्षा आहे. भिंतींना नवा रंग दिलेला असतो, त्याचा वास असतो. उदबत्ती, धूप, कापूर असतो. आणि चकल्या-शंकरपाळ्यांचे घाणे सकाळपासून चाललेले असतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा धूर गल्लीत दाटेल तेव्हा खिडक्या लावून घ्याव्यात, आणि पहाटे हवा निवळली की सगळ्या उघडाव्यात. यंत्र असो वा नसो, येवढे तर करताच येते. पण तळणीच्या दिवशी तो डबा दिवाणखान्यातून काढून पुन्हा शेगडीच्या वर टांगा. तो तांबडा होईल, ओरडेल. होऊ द्या. खिडकी उघडा, धूर ओढणारा पंखा लावा. आणि कढईपाशी जी सकाळपासून बसली आहे तिला उठवून, झारा हाती घेऊन, पुढचा घाणा तुम्ही तळा.